ड्रॅगन बुकमधला लूप

एहो, सेठी आणि उलमन यांचे कंपायलरवरचे पाठ्यपुस्तक १९८६ साली निघाले. मुखपृष्ठावरच्या चित्रामुळे ते ‘ड्रॅगन बुक’ म्हणूनच ओळखले जाते. त्यातली लूपची मांडणी संगणक शिकवणाऱ्यांनी जरूर वाचावी; तिच्यातली उणीवही लक्षात घ्यावी.

‘फॉर आणि व्हाईल यांतला फरक लिहा’ हा आपला परीक्षेतला आवडता प्रश्न. कंपायलर या लूपचे काय करतो? १ ते १० ची बेरीज घेऊ. लूप कोणताही असो, त्याच्या साधारण अशा पायऱ्या होतात :

१) क = १
२) क १० पेक्षा मोठा असेल तर ६ वर जा
३) बेरजेत क मिळवा
४) क एकने वाढवा
५) २ वर जा
६) बेरीज छापा

आता ‘लूप’ कुठे लिहिलेलाच नाही! पण प्रोग्रॅमचा बराचसा वेळ लूपमध्येच जातो. दर फेरीला तेच उत्तर देणारे गणित बाहेर काढायचे, तर आधी लूप सापडायला हवा. पुस्तकातली युक्ती सुंदर आहे. पायऱ्यांच्या चौकटी आणि बाण काढा. एखादा बाण मागच्या चौकटीकडे जात असेल आणि बाणाच्या उगमाकडे येणारी प्रत्येक वाट त्या मागच्या चौकटीतूनच येत असेल, तर तो लूप. इथे ५ कडे येणारी प्रत्येक वाट २ मधून जाते. प्रोग्रॅमरने ‘गोटू’ वापरून केलेला असा लूपही यात सापडतो.

उणीव अशी, की वाक्यांचे भाषांतर आठव्या प्रकरणात आणि लूपचा शोध दहाव्यात. मधे काय हरवले, हे विद्यार्थ्याने स्वतःच जुळवायचे. सी भाषेत फॉरमधला ‘कंटिन्यू’ आधी वाढीच्या पायरीवर जातो. वाढ शेवटच्या ओळीत असलेल्या व्हाईलमध्ये तो वाढ टाळून थेट तपासणीवर जातो, आणि लूप कधी संपतच नाही. चौकटींत हा केवळ एका बाणाचा फरक; चूक कोणत्या शब्दामुळे झाली, हे त्या सांगत नाहीत. म्हणूनच क्लँग हा कंपायलर आधी वाक्यरचनेचा वृक्ष बनवतो. त्यात फॉर आणि व्हाईल वेगळे राहतात. चौकटी आणि उड्या त्यानंतर येतात. ‘काय लिहिले?’ याचे उत्तर वृक्ष देतो, ‘काय घडेल?’ याचे बाण.

आपणही परीक्षेतला प्रश्न बदलून पाहू या : दोन्ही लूपचे बाण काढा आणि ‘कंटिन्यू’ कुठे जातो ते दाखवा. पाठांतरावर हे उत्तर येणार नाही.