दौलतजादा कोणाची?

डान्स बार मी आतून कधी पाहिलेला नाही. वाशिमला राहून या विषयावर जे जमवलं, ते चित्रपट, पुस्तकं आणि न्यायालयाचे निकाल यांतून. तमाशाचा तंबू मात्र लहानपणी जत्रेत पाहिला. तिथे दौलतजादा झाली की नाव पुकारलं जाई ते पैसे देणाऱ्याचं. नाचणारीचं नाव आम्हा पोरांना ठाऊक नसे. आपली समीक्षाही अजून त्याच तंबूत बसलेली आहे, असं माझं मत आहे.

‘पिंजरा’ (१९७२) घ्या. पन्नास वर्षं आपण मास्तरांच्या अधःपतनावर बोलत आलो. नाचणाऱ्या बाईच्या उपजीविकेवर नाही. ‘चांदनी बार’ (२००१) मुमताजकडे सहानुभूतीने पाहतो, पण तिचं नाचणं त्याला केवळ दुर्दैव वाटतं. त्यात मेहनत असते, गिऱ्हाईक ओळखण्याचं कसब असतं, हे तिथे निसटतं. भूषण कोरगावकर यांचं ‘संगीत बारी’ मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी, की ते लावणी कलावंतिणींच्या रोजच्या जगण्यापाशी थांबतं.

कायद्याची नजरही वेगळी नव्हती. २००५च्या दुरुस्तीने बारमधला नाच बंद केला, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. म्हणजे नाच तोच. जागा महाग असली की चालतो! बंदीने सुमारे ७५ हजार स्त्रियांची रोजी गेल्याचं न्यायालयात मांडलं गेलं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्यानंतर राज्याने २०१६ मध्ये नवा कायदा केला. त्यावर जानेवारी २०१९ मध्ये निकाल आला: नर्तकीला टिप देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत.

हा भेद मला मोलाचा वाटतो. उधळलेली नोट देणाऱ्याचा रुबाब मिरवते. हातात दिलेली नोट निदान घेणारीचं काम मान्य करते. तरीही टिप म्हणजे पगार नव्हे. ती गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि मालकाच्या वाट्यावर अवलंबून राहते. म्हणूनच यापुढे बार वा फड रंगवणारी कलाकृती समोर आली, की मी आधी एवढंच पाहणार आहे: नाच संपल्यावर त्या बाईच्या हाती किती उरलं, हे लेखकाला ठाऊक आहे का?