आलेखातला सपाट भाग

बासेलच्या सीबा-गायगी कंपनीत गायगॅक्स आणि फ्रान्सिस स्टोसेल यांच्या हातून आकाराला आलेला एक आलेख मी पुन्हा पुन्हा काढून बघतो. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान आणि एकच रेषा. उष्मादायी अभिक्रिया चालू असताना रिॲक्टरचं कूलिंग गेलं तर पुढे काय, एवढंच ती सांगते.

पहिली चढण नीट बघा. डोसिंगमध्ये, म्हणजे थोडंथोडं घालताना, आत गेलेलं, पण अजून अभिक्रिया न झालेलं द्रव्य ती चढवतं. किलोमागे ३०० किलोज्यूल सुटणार असतील आणि तेवढंच मिश्रण एक अंश तापायला २ किलोज्यूल लागत असतील, तर पूर्ण वाढ १५० अंशांची. ८० अंशांवरच्या बॅचमध्ये पाचवा हिस्सा साठलेला असेल तर रेषा ११० वर टेकते, निम्मा असेल तर १५५ वर. म्हणजे या चढणीची उंची डोसिंगच्या वेगात दडलेली आहे. त्यातही कूलिंग जाण्याचा क्षण कसा निवडलाय पाहा: साठा सर्वांत जास्त असतो तोच. भीतीला इतकं काटेकोर मोजमाप क्वचितच मिळालं असेल.

चढणीनंतर रेषा जवळजवळ सपाट होते, आणि नजर इथेच घसरते. खरा ऐवज मात्र इथेच आहे. आत नको असलेलं विघटन सुरू झालेलं असतं. उष्णतेला बाहेर वाट नाही, म्हणून प्रत्येक अंश पुढच्याला घाई करतो. या सपाटीची लांबी म्हणजे माणसांच्या हातातला वेळ. तो २४ तासांहून जास्त असेल तर स्फोटाची शक्यता कमी धरतात, ८ तासांहून कमी असेल तर मोठी. इटलीतल्या सेवेसोजवळच्या एका रसायन कारखान्यात १० जुलै १९७६ च्या शनिवारी सकाळी ढवळणं थांबवून एक बॅच तशीच सोडली होती. दुपारी साडेबारानंतर जास्त दाबाला फुटणारी सुरक्षा-तबकडी फुटली आणि डायॉक्सिन गावावर पसरलं. मधले काही तास म्हणजे हीच सपाटी. ती वाचता येते, हे मला अजूनही थक्क करतं.

शेवटची उभी उसळी सोडून देऊ. तिथे करण्यासारखं काही उरत नाही.

त्याऐवजी द्रावकाच्या उत्कलनबिंदूची आडवी रेघ पाहा. विघटन ज्या तापमानाला धोकादायक वेग घेतं त्याच्या खाली ती असेल, तर द्रावक उकळू लागतो, वाफ उष्णता घेऊन कंडेन्सरकडे निघते आणि चढण तिथेच अडते. कंडेन्सर तेवढी वाफ पेलणारा हवा, आणि कूलिंग गेल्यावरही त्याला पाणी मिळायला हवं.