सूपाची वाटी आणि लोकस्मृतीचा निवाडा

दुष्काळाचा हिशेब इतिहास मांडतो. त्याचा निवाडा मात्र लोककथा करतात. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावरील रोगाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दगावली व तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९४५ साली प्रश्नावलीद्वारे त्या काळाच्या आठवणी जमविल्या. त्यांवर आधारलेला काहल पोर्टेर यांचा ‘फॅमिन एकोज’ हा संग्रह १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ‘सूपर’, म्हणजे सूपासाठी प्रोटेस्टंट पंथात गेलेल्यांच्या कथा आम्हांस अस्वस्थ करतात.

या कथांचा घाट ठरलेला आहे. एकीकडे कढई, दुसरीकडे धर्म. शुक्रवारी मुद्दाम मांसाचे सूप. उपाशी मरणारा धन्य, वाटी घेणारा पिढ्यान्‌पिढ्या कलंकित. अचिल बेटावरील नँगल यांच्या मिशनसारखी उदाहरणे पाहता आरोप निराधार नव्हता. परंतु १८४७ च्या उन्हाळ्यात सरकारी कढयांवर दररोज तीस लाख लोक जेवत होते, तेथे धर्मांतराची अट नव्हती. क्वेकर मंडळींनीही अट न घालता अन्न दिले आणि लोकस्मृतीने त्यांना कृतज्ञतेने जपले. म्हणजे लोकस्मृती आंधळी नाही. तिला दान आणि सौदा यांतला भेद कळतो.

तिची खरी उणीव आम्हांस अन्यत्र दिसते. ‘सूपर’ सहसा शेजारच्या घरातला असतो, सांगणाऱ्याच्या घरातला नव्हे. शंभर वर्षांनी बोलणारे हे वाचलेल्यांचे वंशज. वाटी घेणाऱ्या आईची साक्ष येथे क्वचितच उमटते. मात्र नवे बटाटे येईपर्यंत पवित्र मरियेचा निरोप घेणाऱ्याची कथा वेगळी आहे. तीत थट्टा आहे, पण क्षमाही आहे. आमच्या मते साहित्य म्हणून ती सर्वांत श्रेष्ठ होय.

आम्हांला हे परके वाटू नये. विहिरीत पाव टाकून बाटविल्याची दंतकथा वसईत आम्हीही ऐकत आलो, ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणाही. तो टोमणा आपल्याला बोचतो, मग आयरिश कथेतील ‘सूपर’ला आपण सहज दोषी का ठरवितो? मत्तयाच्या शुभवर्तमानातील अंतिम न्यायात प्रश्न अन्न देणाऱ्याला विचारला जातो. भुकेल्याने ते का घेतले, असे तेथे कोणी विचारीत नाही. हा संग्रह वाचताना आम्ही तेवढे ध्यानी ठेवावे.