‘कोबाल्ट ब्लू’ : दोन निवेदने आणि वाचकांचा कौल

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६ साली मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केली. जेरी पिंटो यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये निघाला आणि ती महाराष्ट्राबाहेर पोचली. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात एक तरुण चित्रकार भाडेकरू म्हणून राहावयास येतो. घरातील धाकटा मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा या दोघांचेही त्याच्यावर प्रेम जडते. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे तो तिलाही सोडून जातो आणि ती घरी परतते. ही हकीकत कादंबरीत दोनदा येते. पहिल्या भागात तनय त्या निघून गेलेल्या माणसाला उद्देशून बोलतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची रोजनिशी.

या रचनेविषयी वाचकांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एका पक्षाच्या मते कादंबरीचे सारे काव्य तनयच्या निवेदनात सामावले आहे. अनुजाची पाने त्यापुढे सपाट वाटतात आणि माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगतात. दुसऱ्या पक्षाला अनुजाचा मोकळा, व्यवहारी स्वर हाच दिलासा वाटतो. तनयच्या आत्ममग्न शोकातून तोच आपल्याला बाहेर काढतो, असे ते म्हणतात. पहिल्या पक्षाचे निरीक्षण खोटे नाही. दुसऱ्या भागात भाषेचा ताण उतरतो हे मान्यच करावयास हवे. प्रश्न आहे तो हा उतार लेखकाच्या थकव्याचा की अनुभवाच्या स्वरूपाचा, हा.

तनय ज्याच्याशी बोलतो तो ऐकावयास हजर नाही, आणि घरात दुसऱ्या कोणाला हे सांगण्याची सोय नाही. म्हणून त्याचे बोलणे काळाचा क्रम पाळीत नाही. एखादी वस्तू, एखादा रंग, एखादी दुपार यांभोवती ते पुन्हापुन्हा घुटमळते. ज्या दुःखाला श्रोता नाही त्याला संक्षेप करण्याचे कारण उरत नाही. शिवाय मराठी व्याकरण येथे कादंबरीच्या आशयाचाच भाग बनते. ‘तू आलास’ आणि ‘मी गेलो’ या साध्या क्रियापदांतच बोलणारा आणि ऐकणारा हे दोघेही पुरुष आहेत हे उघड होते. इंग्रजीतील ‘यू’ आणि ‘आय’ हे झाकून ठेवू शकतात. बंगाली वा मलयाळम क्रियापदेही लिंग सांगत नाहीत. मराठी वाचकाला मात्र आडपडदा मिळत नाही. घरात जे उच्चारता येत नाही ते भाषा प्रत्येक पावलाला उच्चारत राहते.

अनुजाची स्थिती निराळी आहे. तिच्या जाण्याने घर हादरले आहे. तिचे प्रेम घराला मान्य नसेल, पण ते घराला कळते. त्यावर रागावता येते, रडता येते, तिच्या भवितव्याची काळजी करता येते. तिच्या दुःखाला, लांच्छनाच्या रूपाने का होईना, एक सामाजिक नाव आहे. ज्याला नाव आहे ते दिनांक घालून लिहिता येते. रोजनिशीचा सपाटपणा हा त्या नावाचा परिणाम आहे. तो अनुजाच्या संवेदनेचा उणेपणा मानणे म्हणजे जे दुःख अधिक कोंडलेले तेच अधिक खोल, असा न तपासलेला निकष लावणे होय.

भागांचा क्रम उलटा असता तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे रचनेचे मर्म ध्यानात येते. अनुजा आधी बोलली असती तर तनयचे प्रेम हा कथानकातील गौप्यस्फोट ठरला असता. वाचक चकित झाला असता आणि ते चकित होणेच कादंबरीचे फलित बनले असते. कुंडलकरांनी हा लाभ नाकारला आहे. तनयचे प्रेम येथे पहिल्यापासून गृहीत आहे. उलट अनुजाची पाने उघडताना तिच्या भावाच्या मनात काय चालले आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि तिने भावाविषयी सहज लिहिलेल्या ओळीलाही एक दुखरी कड येते. वाचकांना पुनरावृत्ती वाटते ती वस्तुतः या ज्ञानाची किंमत आहे.

तरी एक आक्षेप शिल्लक राहतो. निनावी भाडेकरू दोन्ही भागांत केवळ प्रतिबिंबांतून दिसतो, आणि दोन प्रतिबिंबे मिळूनही त्याचा माणूस होत नाही. तनयच्या भागात हे शोभते, कारण विरही मन प्रियकराला असेच धूसर करते. अनुजा त्याच्याबरोबर राहून आलेली आहे. तिच्या पानांत त्याला अधिक वजन लाभावयास हवे होते. दुसऱ्या भागावरील खरा दोषारोप हा आहे. भाषेच्या साधेपणाचा नव्हे.

कादंबरी आली तेव्हा तनयचे प्रेम कायद्याने गुन्हा होते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेतून वगळले. त्यानंतरच्या वाचकाला तनयचे मौन गतकाळातील वाटण्याचा संभव आहे. परंतु ते मौन न्यायालयाने लादलेले नव्हते. ते जेवणाच्या पानावर, आईवडिलांच्या मायेत, बहिणीच्या दुःखाला वाट करून देताना पाळलेले मौन आहे. एकाच घरातील दोन दुःखांपैकी एकालाच रडण्याची मुभा असते, हे सांगावयास दोन भाग लागतात, आणि ते विषम असावे लागतात.