फोडणीनंतरचे आवाज

‘द ग्रेट इंडियन किचन’ हेडफोन लावून बघा. जिओ बेबीच्या या २०२१च्या मल्याळम सिनेमात पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. आहे ते स्वयंपाकघर. तेलात पडताच चर्र करणारं तळण, भाजी चिरणारी सुरी, खदखदणारी भांडी. सुरुवातीला मला सरळ भूक लागली. तासाभराने तेच आवाज नकोसे झाले.

आवाजाने खाण्याचा अनुभव बदलतो, हे ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि झाम्पिनी यांनी २००४मध्ये दाखवलं. लोकांना हेडफोन लावून प्रिंगल्स खायला दिले. चावण्याचा आवाज मोठा केला, त्यातल्या वरच्या पट्ट्या उचलल्या, की तेच वेफर जास्त कुरकुरीत आणि ताजे वाटायचे. (याला २००८चा इग्नोबेलही मिळाला.) स्वयंपाकाच्या रील्स याच जोरावर चालतात. मोहरी तडतडते, कढीपत्ता चुरचुरतो, पापड मोडतो आणि पहिल्या घासाला रील संपते. कढईचा तळ घासल्याचा आवाज कोण ऐकणार?

हा सिनेमा तो ऐकवतो. सासऱ्यांना भात चुलीवरचा हवा, चटणी हाताने वाटलेली. म्हणजे कुकर आणि मिक्सर त्यांना चवीतसुद्धा ऐकू येतात; चटणी वाटणारा हात मात्र नाही. सिंकखालचा पाइप गळतोय. प्लंबरला बोलवा, असं ती नवऱ्याला सांगत राहते. ते सांगणंही त्या घरात एक आवाजच होऊन जातं, पंख्याच्या घरघरीसारखा.

आपल्या मराठीने पदार्थांचे आवाज किती लाडाने टिपलेत: रटरट, खदखद, चुरचुरीत, कुरकुरीत. घासण्या-आवरण्याच्या वाट्याला काय आलं? ‘आदळआपट’. फोडणीवरून आपल्याला कळतं आज जेवायला काय आहे, आणि भांड्यांवरून कळतं तिचं काहीतरी बिनसलंय. काय बिनसलंय ते विचारायला सहसा कोणी आत जात नाही. आवाज जरा कमी कर, असं बाहेरूनच सांगितलं जातं.

शेवटचं नृत्य मला ढोबळ वाटलं. इतका वेळ नुसत्या भांड्यांवर भरवसा ठेवलेल्या दिग्दर्शकाला एकदम गाणं का लागावं? नवऱ्याने दुसरं लग्न केलंय आणि नवी बायको सिंकपाशी उभी आहे. मला तेवढं पुरलं असतं.