वजीर नको, हत्ती!

पटावर उरलेत चौघंच. पांढऱ्याचा राजा बी६ वर, प्यादं सी६ वर. काळ्याचा राजा ए१ च्या कोपऱ्यात, हत्ती डी५ वर. खेळी पांढऱ्याची. १८७५ च्या फेंटन-पॉटर डावातून निघालेला हा शेवट १८९५ साली ग्लासगोच्या साप्ताहिकात जॉर्ज बार्बिए यांनी छापला, तो काळा डाव बरोबरीत कसा सोडवतो हे दाखवायला. पांढरा चक्क जिंकतो हे ओळखलं फर्नांडो सावेद्रा या स्पॅनिश धर्मगुरूंनी.

प्यादं सी७ वर सरकतं, हत्ती डी६ वरून शह देतो. आता राजानं जायचं कुठं? बी७ वर गेला तर हत्ती डी७ ला येऊन प्याद्याला जखडतो. सी५ वर गेला तर हत्ती गुपचूप डी१ ला उतरतो. प्याद्याचा वजीर होताच सी१ वरून शह, राजा बाजूला सरकला की मागचा वजीर गेला! म्हणून राजा सी-पट्टीला शिवतच नाही. बी५, बी४, बी३ असा एकेक पायरी उतरतो, मागोमाग हत्तीचे शह येत राहतात. आणि मग पाचव्या खेळीला तो नेमका सी२ वर पाऊल टाकतो. इतका वेळ टाळलेली पट्टी आताच कशी चालली? कारण डी१ हे घर आता खुद्द राजाच्या हाताखाली आलं. माझ्या मते या रचनेतली सगळ्यात देखणी खेळी हीच. टाळ्या मात्र पुढचीला पडतात.

काळाही काही कमी नाही. हत्ती डी४ वर येतो. आता प्याद्याचा वजीर केला, की तो सी४ वर शह देऊन स्वतःचा बळी देतो. वजिरानं मारावं तर कोपऱ्यातल्या राजाला हलायला घर नाही, शहही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. हरणाऱ्याचा हा डावपेच इतका सुबक आहे, की बार्बिए इथंच थांबले यात नवल नाही.

सावेद्रांनी सी८ वर हत्ती मागितला. (आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं ज्या घरी पोचे, त्या घराचं मोहरं होई, तिथं सी८ वर उंटच मिळाला असता आणि ही सगळी गंमत हुकली असती.) हत्तीनं सी४ चा हत्ती मारला, तर काळ्या राजाला ए२ मोकळं राहतं, म्हणजे स्टेलमेट नाही. शिवाय ए८ वरून मात करायची धमकी आहेच. हत्तीसमोर हत्ती, बळ अगदी सारखं, एरवी अशा डावात हात मिळवून उठायचं. काळ्याला ए४ वर हत्ती आणून आड घालावाच लागतो. मग राजा बी३ वर. एका पावलात ए४ च्या हत्तीवर हल्ला आणि सी१ वर मातेची तयारी. काळ्याला दोन्ही सांभाळता येत नाहीत.