कुटुंबाची थेरपी: पण ‘कुटुंब’ म्हणजे नेमकं कोण?

मुलांवरच्या अत्याचारानंतर कुटुंबाला द्यायच्या थेरपीवरचे पेपर वाचायला घेतलेत, तर निष्कर्षाकडे लगेच धावू नका. आधी पद्धतीचा भाग उघडा आणि त्या अभ्यासात ‘कुटुंब’ कोणाला म्हटलंय ते शोधा. या विषयातला निम्मा गोंधळ तिथेच आहे.

उदाहरणार्थ, शॅफिन आणि सहकाऱ्यांचा 2004 चा पेपर. मुलांना मारहाण करणारे 110 पालक. पालक मुलाशी खेळतोय, आणि थेरपिस्ट आरशाच्या काचेआडून त्याच्या कानातल्या यंत्रात ‘आता हे बोला, आता तिकडे दुर्लक्ष करा’ असं सांगतोय. या पद्धतीचं नाव पीसीआयटी. पुढच्या साधारण 850 दिवसांत या गटातल्या 19 टक्के पालकांविरुद्ध पुन्हा तक्रार आली, नेहमीच्या पालक-वर्गाच्या गटात 49 टक्के. आकडे दणदणीत आहेत. पण इथे अत्याचार करणारा आणि उपचार घेणारा एकच माणूस आहे. हा निष्कर्ष उचलून बदलापूरला लावता येणार नाही.

बदलापूरचं प्रकरण आठवत असेलच. ऑगस्ट 2024, बालवाडीतल्या दोन मुली, शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप. तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं. 20 तारखेला लोकांनी स्टेशनात रेल्वे अडवली, मग उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आरोपी घराबाहेरचा. अशा घरात आईबापांना थेरपी कशासाठी?

याचं उत्तर शोधायचं तर डेब्लिंजर, लिपमन आणि स्टीअर यांचा 1996 चा पेपर वाचा. लैंगिक अत्याचार झालेली 7 ते 13 वयाची 100 मुलं, चार गट: फक्त मुलाला थेरपी, फक्त आईला, दोघांना, आणि चौथा कंट्रोल ग्रुप. मुलाला थेरपी मिळाली तिथे आघाताची लक्षणं, म्हणजे पीटीएसडी, जास्त कमी झाली. आई थेरपीत होती तिथे मुलाचं नैराश्य आणि त्रासदायक वागणं कमी झालं. म्हणजे आईवर केलेलं काम मुलापर्यंत पोचतं.

आता यावर शंका घ्या, तेच तुमचं काम आहे. वागणं सुधारलं हे सांगितलं कोणी? आईनेच! जिला थेरपी मिळाली तीच परीक्षक. पण नैराश्याची प्रश्नावली मुलांनी स्वतः भरली होती, म्हणून निष्कर्ष तग धरतो. वडील मात्र या अभ्यासात जवळजवळ नाहीतच. आपल्याकडे ठाण्यात, कोर्टात फेऱ्या मारणारा बऱ्याचदा बापच असतो, आणि त्याचं काय होतं याबद्दल हा पेपर गप्प आहे.

वयाचाही प्रश्न आहे. बदलापूरच्या मुली 7 वर्षांच्या नव्हत्या. त्या वयासाठी कोहेन आणि मॅनारिनो यांनी 1996 मध्येच 67 मुलांवर केलेलं काम बघा, वय 3 ते 6. तिथे मुलाच्या सुधारणेशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट होती पालकांचा भावनिक त्रास. तो जास्त, तर मूल सावरणं अवघड.

माझी या सगळ्या साहित्यावरची मुख्य तक्रार इथून सुरू होते. पालकांचा त्रास मोजला, पण तो येतो कुठून हे मोजलं नाही. या प्रयोगांचं घड्याळ पहिल्या सत्रापासून सुरू होतं. आपल्याकडे ते ठाण्याच्या बाकड्यावर सुरू होतं. तिथे घालवलेले तास मुलाच्या बरं होण्यातला एक घटक आहेत, आणि कुठल्याही रकान्यात ते दिसत नाहीत.

दुसरं, तो चौथा गट. त्यातल्या आयांना मुलाच्या लक्षणांची माहिती दिली आणि ‘थेरपी शोधा’ असं आग्रहाने सांगितलं, बस. पोक्सोचे 2020 चे नियम पोलिसांना काय सांगतात? पालकांना समुपदेशनासारख्या सेवांची माहिती द्या आणि त्या मिळवायला मदत करा. ‘मदत करा’ हे दोन शब्द प्रत्यक्षात गळले, तर आपलं धोरण म्हणजे त्या प्रयोगातला कंट्रोल ग्रुप! बालकल्याण समिती सोबतीला सहायक व्यक्ती देऊ शकते, मनोधैर्य योजनेतही समुपदेशन आहे, हे खरं. पण आईबापांच्या स्वतःच्या उपचारासाठी ठरलेली सत्रं? ती मला या नियमांत सापडली नाहीत.

आणि सत्रं होती 12, बहुधा आठवड्याला एक. बारवी धरणाच्या मागच्या, मुरबाड तालुक्यातल्या पाड्यावरची आई बदलापूरपर्यंत येणार, तिथून मुंबईला 68 किलोमीटर लोकलने जाणार, म्हणजे 12 दिवसांची मजुरी बुडाली. चार सत्रांत काय होतं, बापासोबत केलं तर काय, आशाताईंनी घरी जाऊन केलं तर काय: प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा यातला एक प्रश्न उचला. आणि त्रासाची पहिली नोंद सत्राच्या दिवशी नको, तक्रारीच्या आठवड्यात घ्या.